हुंगून सांगणारा माणूस

आमच्या ह्यांना लाँड्रीत सगळे 'नाककाका' म्हणायचे आणि ह्यांना त्याचा अभिमान होता. माझ्या मात्र ते ऐकून तळपायाची आग मस्तकात जायची. माणसाच्या नाकाचं कौतुक करायचं आणि तेच नाक रोज जाळायचं, हा कुठला न्याय?

लाँड्री मोठी होती. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, टेबलांवरचे तेलकट रुमाल, सगळं तिथे धुवायला यायचं. हे मिसरूड फुटलं तेव्हा तिथे लागले आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिले. रक्ताला गार पाणी, गंजाला ॲसिड, पांढऱ्या कापडाला ब्लीच, तेलकटाला कॉस्टिक सोडा, हे ह्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी पाठ. मुलगी लहान असताना फ्रॉकवर शाई सांडून रडत बसली, तर हे म्हणाले, "रडतेस काय? हा डाग माझ्या ओळखीचा आहे."

सगळा घोळ डब्यांचा होता. रसायनं मोठ्या पिंपांतून यायची. पिंपांवर नाव, जळलेल्या हाताचं चित्र, सूचना, सगळं छापलेलं. पण पिंप सारखं कोण हलवणार? म्हणून मालकाने तेलाचे रिकामे डबे आणून त्यांत रसायनं भरून ठेवायची पद्धत पाडली. सगळे डबे एकाच मापाचे, एकावरही नाव नाही. "चिठ्ठी चिकटवली तर ओलीने निघून येते," हे मालकाचं कारण. रंगाने लिहायला काय धाड भरली होती? पण नाही. डबा कशाचा ते कळेना झालं की नाककाकांना हाक मारायची. हे झाकण काढायचे, वाकून हुंगायचे आणि सांगायचे. घशाशी झोंबलं की ॲसिड, पोहण्याच्या तलावासारखा वास आला की ब्लीच आणि काहीच वास आला नाही की कॉस्टिक.

आता मला सांगा, वास तर साध्या पाण्यालाही नसतो! कॉस्टिकचं पाणी दिसतं नळाच्या पाण्यासारखंच. बोटाला लागलं की साबणासारखं बुळबुळतं, कारण ते आपलंच कातडं खात असतं. आणि ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, तो छाती जाळतो. हे काही गुपित नव्हे, पिंपावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. एवढी जोखीम एका माणसाच्या नाकावर टाकून मालक निवांत.

एका संध्याकाळी मी दूध गॅसवर ठेवून शेजारी गेले. परत येताना जिन्यातच करपल्याचा वास आला. धावत आत गेले, तर हे शेगडीशेजारी पेपर वाचत बसलेले.

"अहो, दूध जळून कोळसा झालं!"

ह्यांनी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला.

"मला वास येत नाही गं," हे म्हणाले. "बरेच महिने झाले."

"मग लाँड्रीत काय सांगता?"

"इस्त्रीवाली मदत करते, डबे तीच भरते ना. ती नसली की अंदाजाने. या वयात मला दुसरं काम कोण देणार?"

अंदाजाने! मी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वास ओळखणारा आतला पडदा जळलाय, वास परत येईल याची खात्री नाही. मी ह्यांना घेऊन तशीच लाँड्रीत गेले. माझं मागणं एवढंच होतं, की डब्यांवर नावं घाला आणि ह्यांना इस्त्रीवर बसवा. कोणी मेल्यावर शहाणपण सुचून काय उपयोग?

मालक हसला. "वहिनी, तुम्ही राईचा पर्वत करताय. नाककाकांचं नाक म्हणजे नाक आहे!" त्याने इस्त्रीवालीला दोन वेगवेगळे डबे भरून आणायला सांगितले. ह्यांनी पहिला हुंगला. इस्त्रीवाली एकदा खोकली. "ब्लीच," हे म्हणाले. दुसऱ्याला ती दोनदा खोकली. "ॲसिड."

"बघा!" मालक म्हणाला.

बघितलं. त्या बाईने मायेपोटी केलं हे मला समजत होतं, तरी तिचाही राग आला. ती एक दिवस घरी राहिली तर ही माया कोणाला वाचवणार होती?

मी कोरा डबा उचलला, बाहेरच्या नळावर जाऊन भरला आणि ह्यांच्यासमोर ठेवला. या वेळी इस्त्रीवाली खोकली नाही. तिला तरी काय माहीत? हे वाकले, बराच वेळ हुंगत राहिले.

"ब्लीच," हे म्हणाले.

मी डबा उचलून तोंडाला लावला.

"अगं, काय करतेस!" हे केवढ्याने ओरडले. इस्त्रीवालीने माझा हात धरला. मी दोन घोट घेऊन डबा खाली ठेवला. "पाणी आहे," म्हटलं. "नळाचं."

मला वाटलं, आता तरी मालकाचे डोळे उघडतील. त्याने ह्यांच्याकडे बघितलं ते मोडलेल्या इस्त्रीकडे बघावं तसं.

"मग ह्यांचा काय उपयोग?" तो म्हणाला आणि ॲसिडचा डबा उचलून इस्त्रीवालीपुढे धरला. "उद्यापासून तू हुंगून सांगत जा."

तिने सवयीने हात पुढे केला. तेवढ्यात हे मध्ये आले. आयुष्यात मालकापुढे आवाज न चढवलेला माणूस आज बोलला.

"घेऊ नकोस बाई. परवा मुलीचं बाळ पहिल्यांदा मांडीवर घेतलं. त्याच्या टाळूला नाक लावलं, तर काही नाही. माझं नातवंड आहे, आणि त्याचा वास कसा असतो ते मला कधीच कळणार नाही."

इस्त्रीवालीने हात मागे घेतला. मालकाने डबा दुसऱ्या कामगारापुढे धरला, मग तिसऱ्यापुढे. कोणी पुढे आलं नाही.