भाऊसाहेबांचा साचा

भाऊसाहेब गेले आणि मुळशीतल्या वाद्यनिर्मितीच्या एका युगाचा अंत झाला, असे शोकसभेत तीन वक्त्यांनी सांगितले. हे युग नवरात्राच्या पहिल्या माळेला सुरू झाले आणि दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी संपले. त्यात एकही वाद्य निर्माण झाले नाही. भाऊसाहेब माझे मावसभाऊ, आणि मी तेव्हा रिह्याला त्यांच्याकडेच मुक्कामाला होतो, म्हणून हे युग मी सबंध पाहिले.

निधनाची तार आली तेव्हा वाईट वाटलेच... पण आधी आठवली ती गिटार. पुण्याच्या कॅम्पातला मिंगेल नावाचा गोवेकर बँडमध्ये ती वाजवी. पोटापाण्याचे त्याचे तेवढेच साधन. पावसाळ्यात तिच्या काठाची शिंगाची पट्टी सुटली. त्याच्याकडे चहाला गेलेल्या भाऊसाहेबांनी कुणी न विचारता जाहीर केले, की पट्टी मी बसवून देतो. दसऱ्यानंतर चार दिवसांनी मिंगेलला एका लग्नात वाजवायचे होते. नाही म्हणायची त्याला भीड वाटली असावी; गिटार रिह्याला आली.

भाऊसाहेबांनी जन्मात पेन्सिलीलाही स्वतः टोक केले नव्हते. जुनी पट्टी तुटली होती; नव्या, जाड पट्टीसाठी काठाला सगळीकडे सारखी, जास्त खोल खाच लागते. जरा खोल गेली की गिटारचे पोट फुटलेच. नुसत्या हाताने ते साधत नाही, म्हणून साचा. लाकडी ठोकळ्यात पाचरीने पाते आवळायचे, ठोकळा गिटारच्या कुशीला टेकवून ओढायचा, म्हणजे पाते ठरल्याएवढेच आत जाते. भाऊसाहेबांनी त्याचा आराखडा काढला, खाली इंग्रजीत सही केली आणि गावच्या सखाराम सुताराला बोलावले. नांगर आणि बैलगाड्या करण्यात हयात गेलेल्या सखारामने कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"भाऊसाब, हिला कंबर हाय. तुमचा सपाट ठोकळा त्या वळणात जातुया व्हय?"

"तू आधी तत्त्व समजून घे, सखाराम."

"तत्त्वाला बी कमरंतनंच जायचंय न्हवं?"

ठोकळ्याचे तोंड सखारामने गोल केले. साच्याला आठ दिवस लागले, कारण भाऊसाहेब मदत करत होते.

तो पुरा झाला, दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारे पुजतात, चालवत नाहीत. भाऊसाहेबांनी साच्यावर कुंकू ओतले, ओल्या अक्षता वाहिल्या आणि हात जोडून बराच वेळ उभे राहिले. फोटोवाला पुण्याहून यायला उशीर झाला होता.

दसरा उलटल्यावर पहिली खाच त्यांनीच ओढली. पट्टी लावून पाहिली, तर ती रुसलेल्या ओठासारखी बाहेर आली.

"पाते आणखी बाहेर काढ," भाऊसाहेब म्हणाले.

सखारामने साचा उलटा केला. ठोकळ्याच्या तोंडावर, वाळलेल्या कुंकवात, तांदळाचा एक दाणा घट्ट बसला होता. ठोकळा तेवढ्यानेच गिटारला टेकत नव्हता.

"पातं काडलं आन् मागनं ह्यो दाणा निसटला, तर प्वाट फुटंल हिचं. दाणाच खरवडतो."

"पूजेची अक्षता? खबरदार!"

"आवो, त्या गोयकाराची भाकर हाय ही."

"आणि हा धर्म आहे."

"मंग ऱ्हाऊ द्या. गिटार माज्याकडं सावलीत ठिवतो."

घरी जाऊन त्याने मोडक्या गाडीच्या लाकडातून दुसरा साचा केला. एका दुपारीत. कुंकू नाही, फोटो नाही. खाच पुरी करून पट्टी बसवली आणि सरस वाळेपर्यंत गिटारला सुतळीने करकचून बांधून ठेवले. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी गिटार भाऊसाहेबांच्या ओसरीवर आणून ठेवली, आणि मिंगेल आला. त्याने काठावरून एकदाच अंगठा फिरवला, डोळे मिटले, आणि मग वाकून भाऊसाहेबांचे आभार मानले. भाऊसाहेबांनी ते घेतले. सखाराम पलीकडे गोठ्याशी कुणाचा तरी कुळव ठोकत होता. त्याने मानही वर केली नाही.

शोकसभेत खंडेनवमीचा तोच फोटो होता. चंदनाचा हार, आणि खाली मखमलीवर भाऊसाहेबांचा साचा. एका वक्त्याने साच्याला क्रांतिकारक म्हटले. शेवटच्या रांगेत सखाराम माझ्या कानाशी वाकला.

"ह्यो अजून हाय व्हय?"

"आहे."

"आन् दाणा?"

फूल वाहायच्या निमित्ताने मी पुढे गेलो आणि वाकून पाहिले. होता. आंबेमोहर.