जिन्यावरचं झाड

माझी सून संगणकवाली. लग्न होऊन नागपूरहून कलकत्त्याला आली तेव्हा नोकरीत होती, नातू झाला तेव्हा तिने ती सोडली, आणि तो चार वर्षांचा होऊन बालवाडीत जायला लागला तशी तिला पुन्हा नोकरीची ओढ लागली. मुलगा तेल कंपनीत. त्याची बदली आसामात, महिन्यातून एकदा पाहुण्यासारखा येतो. म्हणजे कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या आमच्या घरात माणसं तीनच. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आहे, जन्म इथलाच, आणि स्वभाव कसा आहे ते पुढे कळेलच.

तर ह्या नोकऱ्यांच्या मुलाखतीत झाडं विचारतात म्हणे. आणि नुसतं उत्तर देऊन भागत नाही, ते कसं सुचलं हे मोठ्याने बोलून दाखवावं लागतं. एका संध्याकाळी सून वही-पेन घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, रोज अर्धा तास माझं ऐकाल?"

"मला त्यातलं काय कळणार?"

"म्हणूनच. ज्याला काही कळत नाही असंच माणूस हवंय."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी चहासुद्धा विचारला नसता. पण ही पोरगी सरळ बोलते, आणि मला ती आवडते. लग्न ठरलं तेव्हाही मला मुलाच्या आधी तीच पसंत पडली होती, हे मी कधी लपवलेलं नाही.

तिने कागदावर गोल काढले. मूळ वर, फांद्या खाली. मी म्हटलं, ह्याला झाड कोण म्हणेल, हे तर झुंबर आहे. तिने माझ्याकडे दुर्लक्ष करून शिकवणं चालू ठेवलं. प्रत्येक गोलात एक आकडा. त्याच्याखाली फार तर दोन गोल. लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे, आणि हाच नियम खालपर्यंत. एखादा आकडा शोधायचा तर वरच्याला विचारायचं, मी तुझ्याहून लहान की मोठा? लहान असलो तर डावीकडे वळायचं, आणि उजवीकडचं सगळं झाड न बघता सोडून द्यायचं. असं दर पायरीला अर्धं सोडत गेलं की हजारो आकड्यांतला एक दहा-पंधरा प्रश्नांत सापडतो.

"आणि आकडे आधीच क्रमाने आले तर?" मी विचारलं. तीस वर्षं मुलींनी मला असेच प्रश्न विचारून छळलं होतं.

ती खूश झाली. "तीच तर गोम आहे! एक, दोन, तीन, चार असे आले तर प्रत्येक जण आधीच्याच्या उजवीकडे जाऊन उभा राहतो. मग झाड कसलं, रेशनची रांग. शेवटच्याला शोधायचं तर सगळ्यांना विचारत जा."

म्हणून हुशार लोकांनी स्वतःला सावरणारं झाड काढलं. एक बाजू फार लांबली की ते तिथल्या तिथे एक गिरकी घेतं. खालचा वर येतो, वरचा खाली जातो, आणि दोन्ही बाजू पुन्हा जवळपास सारख्या होतात. लहान डावीकडे, मोठा उजवीकडे हा नियम मात्र मोडत नाही.

"वरचा मुकाट्याने खाली जातो? त्याला काही मान नाही?"

"आई, आकड्यांना मान नसतो."

"म्हणूनच त्यांचं बरं चाललंय," मी म्हटलं.

कागदावर तिला सगळं येत होतं. घोडं अडत होतं ते गिरकीचा प्रोग्रॅम लिहिताना. झाड सावरायचं छान, पण त्यातले काही आकडे गायब व्हायचे. चूक शोधून ती दुरुस्त करायची, आणि दुसऱ्या दिवशी कोरं पान घेऊन लिहायला बसली की तीच चूक. पाठ करून उपयोग नव्हता, कारण मुलाखतीत जरा फिरवून विचारतात. एका संध्याकाळी तिने लॅपटॉप मिटला आणि माझ्या शेजारी बसून मटार सोलायला लागली. मग मान खाली घालूनच म्हणाली, "मला नोकरी लागली तर पोरगा मला विसरेल का हो?"

"विसरायला तू काय छत्री आहेस?"

ती हसली, पण तेवढ्यापुरतीच. तेव्हा मला कळलं की तिची भीती मुलाखतीची नाही. नोकरी तिला जिवापाड हवी होती, आणि ती मिळाली तर पोर हातचं जाईल असं तिला वाटत होतं. बालवाडी साडेअकराला सुटते. पुढचा अख्खा दिवस त्याला कोण बघणार, हा प्रश्न आमच्या दोघींच्या मध्ये रोज जेवायला बसत होता. मुलाने आसामातून फोनवर परस्पर निकाल दिला होता, "आईच्या वयाला ते झेपणार नाही." त्यामुळे ती मला विचारत नव्हती. आणि मला कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे मी बोलत नव्हते. आमच्या घरात हट्ट कुणाला विकत आणावा लागत नाही.

त्यातच संक्रांत आली. आमच्याकडे हळदीकुंकू असतं, आणि शहरभरातून मराठी बायका येतात. तिळगूळ आम्ही इथल्या खजुराच्या गुळाचा करतो, लाडू जरा मऊ राहतात पण चवीला तोड नाही. आमच्यात नव्या बाईला पहिला प्रश्न विचारतात तो "कलकत्त्यात किती वर्षं झाली?" कारण निम्म्याजणी नवऱ्याच्या बदलीबरोबर आलेल्या आणि बदलीबरोबर जाणाऱ्या. उत्तर दोन असेल तर तिला जाडे पोहे कुठे मिळतात ते सांगायचं, वीस असेल तर तिच्याकडून ऐकायचं.

बायका तो प्रश्न एकमेकींना विचारत होत्या, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शाळेत मी ग्रह शिकवायचे ते मुलींना मैदानात पळवून. एकीला सूर्य करायचं, बाकीच्यांनी तिच्याभोवती फिरायचं. मी टाळी वाजवली आणि सगळ्यांना जिन्यात चला म्हटलं. सुनेचं झाड करायचंय.

"अहो काकू, हे काय नवीन?" फोर्ट विल्यममधून आलेली, लष्करातल्या अधिकाऱ्याची बायको म्हणाली. पण उठली सगळ्यात आधी तीच.

वयाचे आकडे मागितले असते तर बायका तिळगूळ न घेता निघून गेल्या असत्या. म्हणून आकडा कलकत्त्यातल्या वर्षांचा. सगळ्यात वरच्या पायरीवर मी, जन्मापासून इथलीच. वरचीने खालचीचा खांदा धरायचा. कमी वर्षांची डाव्या हाताला, जास्त वर्षांची उजव्या. माझ्याहून जुनी कुणीच नव्हती, तेव्हा माझा उजवा हात रिकामा. डाव्या हाताखाली सून, सात वर्षांची. तिच्या डाव्या हाताला एका बँकेतल्या साहेबांची बायको, तीन वर्षं. उजव्या हाताला सियालदह भागात राहणारी एक. तिच्या सासरी घाऊक मसाल्याचा धंदा, तिला लग्न होऊन इथे वीस वर्षं झालेली. आणि बँकवालीच्या डाव्या हाताला फोर्ट विल्यमवाली, दोन वर्षं. बाकीच्या कठड्याला टेकून हसायला मोकळ्या. नातू सगळ्यांच्या हातांखालून धावत होता.

झाड एका अंगाला कललं होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. सगळं वजन माझ्या डावीकडे.

"आता गिरकी," सून म्हणाली. "आई, तुम्ही खाली या. मी वर."

"ऐका हो ऐका, सून सासूला खाली उतरवतेय!" कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, आणि जिना हसून हसून लोळला.

मी तिचा खांदा सोडला आणि दोन पायऱ्या उतरले. ती वर चढली. मी तिच्याहून जास्त वर्षांची, म्हणजे मी तिच्या उजव्या हाताला. तिने उजवा हात उचलून माझा खांदा धरला. झाड सरळ झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं, आणि मला कुणी धरायचं?" सियालदहची म्हणाली. ती बिचारी मधल्या पायरीवर पदर सावरत एकटीच उभी होती. उजव्या हाताने मला धरायचं म्हणून सुनेने तिचा खांदा सोडला होता, आणि ती कुणाचीच राहिली नव्हती.

पुन्हा हशा. पण सून हसली नाही. ती त्या बाईकडे टक लावून बघत होती. प्रोग्रॅममधून रोज गायब होत होते ते आकडे तिला समोर शालू नेसून उभे दिसत होते.

"आई, तुमचा डावा हात," ती हळूच म्हणाली.

माझा डावा हात रिकामाच लोंबत होता. इतका वेळ त्याने सुनेला धरलं होतं, ती वर गेल्यावर त्याला काही काम उरलं नव्हतं. सियालदहची माझ्याहून कमी वर्षांची, सुनेहून जास्त. म्हणजे तिची जागा नेमकी तिथेच. मी तिचा खांदा धरला, आणि नियम कुठेच मोडला नाही. माणसाला हात दोनच. वर जाणारीने खाली येणारीला ज्या हाताने धरायचं तो आधीच गुंतलेला असतो, त्यातलं माणूस खाली येणारीच्या मोकळ्या झालेल्या हातात द्यायचं. आणि आधी ते द्यायचं, मग आपला हात काढायचा. बस, एवढंच होतं. मला ते साठी ओलांडल्यावर कळलं, आणि इतका आनंद झाला की मी सगळ्यांना एकेक लाडू जास्त दिला.

कुणी म्हणेल की संसारही असाच असतो वगैरे. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहून माझा हात दुखला आहे, मी आता लिहिणार नाही.

मुलाखत घरूनच होती, लॅपटॉपवर. नातवाला पोटाशी धरून मी बाहेरच्या खोलीत बसले. दाराच्या फटीतून ती दिसत होती. बोलता बोलता ती मध्येच थांबली. मग तिने दोन्ही हात उचलले, हवेतल्या हवेत कुणाचे तरी खांदे धरले, एक सोडला, दुसरा धरला, आणि पुढे धडाधड बोलायला लागली. समोरच्यांना काय वाटलं देव जाणे.

नोकरी मिळाली. त्या दिवशी ती नाचायला हवी होती. ती म्हणाली, "नाही म्हणून कळवते."

मग मात्र माझा तोल गेला. "का? माझं वय झालं म्हणून? माझं वय तुझ्या नवऱ्याला आसामातून दिसतं, मला इथे बसून दिसत नाही. एकदा तरी विचारलंस, आई, तुम्ही बघाल का त्याला? की मला नुसतं ऐकायला ठेवलंय?"

"तुमच्या दुपारच्या..."

"माझ्या दुपारी मी झोपा काढते. काही मोठं राष्ट्रकार्य चाललेलं नाही."

ती रडायला लागली, मग मीही लागले, आणि नातू आम्हाला बघून भोकाड पसरून बसला. तिघांचं रडून झाल्यावर तिने होकार कळवला.

आता ती सकाळी नऊला निघते आणि दिवेलागणीनंतर येते. बालवाडी, जेवण, दुपारची गोष्ट, गल्लीतलं उद्यान, सगळं माझ्याकडे. कंबर बोलते, पण मी तिला बोलू देत नाही. रविवारी ती दमलेली असते. म्हणून मी पोराला सांगायचे, आईची सुट्टी आहे, आईला त्रास द्यायचा नाही हं.

गेल्या रविवारी आम्ही तिघं उद्यानात गेलो. पोरगा घसरगुंडीवरून उलटा आला आणि गुडघ्यांवर आपटला. सून जवळ होती. ती गुडघे टेकून, हात पसरून बसली. तो उठला, ओठ काढला, आणि तिच्या हाताखालून निसटून धावत माझ्याकडे आला. माझ्या साडीत तोंड खुपसून रडायला लागला. मी सुनेकडे बघितलं. तिचे हात अजून तसेच पसरलेले होते. तिने ते खाली घेतले आणि फ्रॉकवरची धूळ झटकावी तशी उगाचच आपली ओढणी झटकली. मला माझीच लाज वाटली, त्याला कुशीतून काढावं की काय तेही कळेना.

तेवढ्यात तो हुंदके देत माझ्या कानात बोलला. कानात म्हणजे अख्ख्या उद्यानाला ऐकू जाईल असं. "आजी, आईला नको सांगू. तिची छुट्टी खराब होईल."

सून उठून आली. त्याला माझ्याकडून घेतलं, बाकावर बसली, त्याच्या गुडघ्यांवर फुंकर घातली. "मला सांग," ती म्हणाली. "मला सगळं सांग. सुट्टी त्यासाठीच असते."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्याने पहिल्यापासून सांगितलं, कसा चढला, कसा घसरला, कसा पडला. सांगून झाल्यावर पुन्हा सांगितलं, आणि ह्या खेपेला घसरगुंडी दुमजली झाली होती. तिने दोन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकलं.