टाकीतली हवा

त्या रविवारी काका-काकू मोटारसायकलवरून सोलापूरला काकूंच्या बहिणीकडे निघाले होते, ते जेवायच्या वेळेला घरी परत आले. काकांच्या पँटवर पेट्रोलचा मोठा डाग होता. काकू आत गेल्या, हातपाय धुऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "इतरांच्या गाड्यांसारखं पेट्रोल त्या गाडीत जाईल तेव्हाच मी तिच्यावर बसेन. तोवर एस.टी. आहे."

काका-काकू म्हणजे माझे घरमालक. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि काकू शाळेत भूगोल शिकवून. मी यवतमाळहून आलेली, हिंजवडीच्या एका कंपनीत नुकतीच लागलेली आणि कसब्यातल्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत राहणारी. ती मोटारसायकल पुण्यात कामाला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरने मायदेशी जाताना काकांना विकली होती. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली ती गाडी चांगलीच जुनी, जाडजूड होती आणि मागच्या माणसाला टेकायला तिला गादी होती. एरवी साडीत असणाऱ्या काकू तिच्यासाठी पंजाबी ड्रेस घालायच्या. दोघांनी तिच्यावरून निम्मा महाराष्ट्र पाहिला होता.

अलीकडे मात्र त्या गाडीत पेट्रोल भरणं हे एक संकटच झालं होतं. पंपावरचा माणूस नोझल आत घाली, जरासं पेट्रोल जाई आणि खट् करून बंद पडे. पुन्हा दाबलं की पुन्हा खट्. मागची रांग हॉर्न वाजवू लागे, आणि शेवटी अर्ध्या टाकीवर समाधान मानून काका निघत. त्या दिवशी लोणी काळभोरच्या पंपावर एकाने वैतागून नोझल जोरात दाबला आणि पेट्रोल उसळून काकांच्या अंगावर आलं. अर्ध्या टाकीत सोलापूर गाठता येत नव्हतं आणि वाटेत पुन्हा थांबायला काकू तयार नव्हत्या.

काकांनी आधी दोष पंपवाल्यांना दिला, पंप बदलून पाहिले. मग टाकीच्या झाकणाचं हवा जायचं भोक सुईने साफ केलं. मी भीत भीत म्हटलं, पेट्रोल भरताना झाकण तर काढलेलंच असतं. काका चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "आपण संगणकवाले. आपल्याला मोटारसायकलीतलंही कळतं हे माहीत नव्हतं," असं म्हणून त्यांनी सुई डबीत ठेवून दिली. गॅरेजवाल्याने टाकी आतून गंजली असेल असं सांगितलं आणि गाडी विकण्याचा सल्ला दिला. त्या गॅरेजच्या वाटेला काका पुन्हा गेले नाहीत.

शनिवारी मला सुट्टी होती. सकाळी काका दारात गाडीपाशी नुसतेच बसलेले दिसले, म्हणून मी खाली उतरले. ऑफिसात काही बिघडलं की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायचो. तसंच इथे करू या, असं मी म्हणाले. काकांनी विचारलं, एवढ्यासाठी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकावं लागतं का. पण पेट्रोलचा कॅन घेऊन आले. काकूंनी खिडकीतून ते पाहिलं आणि देवापुढचं निरांजन स्वतःहून शांत केलं.

कॅनमधून बारीक धारेने ओतलं तर पेट्रोल मुकाट आत गेलं. धार जाड केली की मात्र आतून गुडगुड आवाज येऊन ते तोंडापर्यंत चढे. म्हणजे टाकीचा रस्ता बंद नव्हता. आतली हवा बाहेर पडायला जागा नव्हती. तेल भरताना बाटलीच्या तोंडावर नरसाळं घट्ट बसलं की जे होतं, तेच. काका ताडकन उठले. पुढे टाकीसारखं दिसतं ते नुसतं कवच, या गाडीची खरी टाकी सीटच्या खाली आहे, आणि पेट्रोल आत नेणाऱ्या जाड नळीच्या शेजारून हवा बाहेर सोडणारी एक बारीक रबरी नळी आहे, हे त्यांना आठवलं.

सीट काढल्यावर ती दिसली. सीटखालच्या लोखंडी पट्टीत ती दबून मुडपली होती आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने तशीच कडक झाली होती. काकांनी ती सोडवून तोंडाला लावली, गाल फुगवून फुंकली. पलीकडे काहीच आलं नाही. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली. मीही फुंकून पाहिली. दोघंही आनंदाने एवढ्या मोठ्याने ओरडलो की काकूंनी आतून विचारलं, काय सापडलं.

नाना पेठेतून नवी नळी आणली, ती पट्टीपासून लांब वळवून तारेने बांधली. काकू चाचणीला यायला तयार नव्हत्या, म्हणून मागे मी बसले आणि आम्ही मुद्दाम लोणीच्या त्याच पंपावर गेलो. पेट्रोल एका दमात भरलं, काठोकाठ. काकांनी पंपावरच्या माणसाचा हात हातात घेऊन दाबला. तो बिचारा गोंधळून गेला.

घरी येऊन काकांनी सगळं साग्रसंगीत सांगितलं. काकू "बरं झालं" म्हणाल्या आणि पोळ्या लाटत राहिल्या. सोलापूरला उद्याच निघू म्हटल्यावर त्यांनी पुढची पोळी लाटायला घेतली. काकांनी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"पेट्रोल जातं हो आता. पण माझा पाय जात नाही वरून."

गुडघा गेले कित्येक महिने दुखत होता. घरून निघताना कसंतरी जमे. पण पंपावर उतरायचं, ताटकळत उभं राहायचं आणि मग सगळ्या रांगेसमोर त्या उंच सीटवर पुन्हा पाय टाकायचा, हे त्यांना नको झालं होतं.

"हे आधी सांगायचं नाहीस का?" काका म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी विकली असतीत."

मी वर जायला निघाले, तर काकूंनी मला खुणेने थांबवलं आणि पान वाढलं. आम्ही तिघं जेवलो. हात धुतल्यावर काका बाहेर गेले, गाडी ढकलून त्यांनी घरापुढच्या ओट्याला समांतर लावली आणि हाक मारली, "अगं, इथून बघ बरं."

ओट्याची उंची आणि सीटची उंची जवळजवळ सारखी होती. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाय पलीकडे टाकला आणि बसल्या. दोनदा उतरून, दोनदा बसून पाहिलं. टाकी भरलेली असल्यामुळे आता वाटेत पेट्रोलसाठी थांबायची गरज नव्हती. चहा प्यायला थांबायचं तर एखादा कट्टा बघून थांबायचं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. संध्याकाळी सोलापूरहून फोन आला. काकूच बोलत होत्या. गुडघा थोडा दुखतोय, म्हणाल्या, पण इंदापूरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. बहिणीच्या घराला ओटा नव्हता, म्हणून मेहुण्यांनी उतरायला लोखंडी ट्रंक आणून ठेवली होती. गल्लीतले लोक बघायला जमले होते.

"लाज नाही वाटली?" मी हसत विचारलं.

"वाटली ना," काकू म्हणाल्या. "पण आता परतीला याच ट्रंकेवरून चढणार आहे. बुधवारी येऊ."