श्रीदेवीची सही

श्रीदेवी चौथीत माझ्या वर्गात होती. शुक्रवार पेठेतली शाळा; मुलांच्या घरी कुठे तेलुगू, कुठे कन्नड. गोष्ट सांगायला उभी राहिली की ती शब्द शोधत राही, शेवट आधी सांगे, मग गप्प. काहीही विचारलं की "व्हय बाई" म्हणे, कळलेलं असो वा नसो.

तिच्या आईला, निंगव्वाला, मी बोलावून सांगितलं, "घरी कन्नड बंद करा. मराठीच बोला."

"बाई, कन्नडमधीबी तिचं असंच हाय की."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्या घरात माझा शब्द मात्र पाळला गेला. आईबापाला धड मराठी येत नव्हती, त्यामुळे पोरीशी कुणी फारसं बोलेचना.

नववीत नापास झाल्यावर ती गणवेश शिवायच्या कारखान्यात लागली. हात चांगला होता. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. नवरा तिला चारचौघांत "मुकी" म्हणायचा, मग मारायलाही लागला.

मी निवृत्त झाले त्या वर्षी ती एक कागद घेऊन दाराशी आली. गाल सुजला होता. सासरच्यांनी वकिलाकडे नेऊन तिची सही घेतली होती. मुलीचा ताबा राजीखुशीनं नवऱ्याला देते, असं त्यात लिहिलं होतं.

"वाचून दाखवलं होतं तुला?"

"व्हय."

"कळलं होतं?"

"भरभर... वाचलं. समदी बगत हुती. मी व्हय म्हणलं."

आम्ही कोर्टात गेलो. साक्षीत तिचं आधीचं नंतर झालं, नंतरचं आधी. समोरचा वकील म्हणाला, ही बाई खोटं बोलते. मग वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंनी तिला तपासलं. भाषा समजण्याची आणि बोलण्याची ही अडचण लहानपणापासूनची, दोन्ही भाषांतली, त्या म्हणाल्या. जवळजवळ प्रत्येक वर्गात असं एखादं मूल असतं. मी एकतीस वर्षं शिकवलं होतं.

ताबा अजून मिळालेला नाही. महिन्यातून दोन रविवार मुलीची, पिंकीची, भेट मिळते. परवा तिच्याबरोबर मीही तिच्या सासरी गेले. पिंकी आता साडेतीन वर्षांची आहे. श्रीदेवीनं आणलेल्या बाहुलीकडे तिनं बोट दाखवलं, ओठ हलवले, शब्द निघाला नाही. श्रीदेवीनं माझा हात घट्ट धरला.

"हिला एकदा तपासून घेऊ या," मी तिच्या सासूला म्हणाले.

"बोलंल की. घाई काय हाय?" म्हणत तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि आत गेली.