खाली आसा

कोटरा सुल्तानाबादमधल्या एका घराच्या फाटकावर ‘कॅप्टन नीळकंठ पोतनीस’ अशी पाटी आहे. ती वाचून दरवर्षी कोणी ना कोणी बेल वाजवतं आणि आडपडदा न ठेवता विचारतं, “कॅप्टन साब, कँटीन से एक बोतल दिलवा देते तो मेहरबानी होती.” भोपाळमध्ये कॅप्टन म्हटला की तो फौजेतलाच. समुद्र इथून इतका लांब, की जहाजाचाही कॅप्टन असतो हे कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. पोतनीस प्रत्येकाला खरं काय ते सांगतात, चहा पाजतात आणि रिकाम्या हाताने परत पाठवतात. पाटी मात्र त्यांनी अजून बदललेली नाही.

त्यांचे वडील अमरावतीहून इथल्या सरकारी कारखान्यात टेक्निशियन म्हणून आले आणि इथलेच झाले. नीळकंठ कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढला. शाळा हिंदी, गल्ली हिंदी, घरात तेवढी मराठी, आणि तीही अशी की ‘मला ठंडी वाजते’ आणि ‘गाडीला चाबी लाव’ ह्यात कोणाला काही वावगं वाटू नये. पुढे पुण्याच्या मंजूषाशी लग्न झालं. तिने पहिल्या वर्षी नवऱ्याची मराठी सुधारायचा विडा उचलला आणि दुसऱ्या वर्षी खाली ठेवला. माणूस सहा-सहा महिने पाण्यावर. घरी आल्यावर त्याचं व्याकरण काय तपासत बसायचं, असं ती म्हणते.

पोतनीस निवृत्त झाले त्याला आता तीन वर्षं झाली. गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळींनी त्यांना भाषणाला बोलावलं, विषय ‘जळत्या जहाजावर’. कार्याध्यक्ष मनोरमाबाईंनी वर्तमानपत्रातलं जुनं कात्रण मोठं करून मंचावर लावलं होतं. हॉल भरला होता. पोतनिसांनी भरती-ओहोटी कशी होते ते सांगितलं, खलाशी काय जेवतात ते सांगितलं, आणि आगीचं प्रकरण “लागली होती, विझली” एवढ्या तीन शब्दांत आटोपून ते खाली बसले. लोक हिरमुसले. बाई म्हणाल्या, “किती हा विनय!”

विनय कसला आलाय. त्या आगीच्या दिवशीची एक गोष्ट ह्या माणसाच्या घशाशी अडकून बसली होती आणि ती एकाच माणसाला सांगण्यासारखी होती. तो माणूस म्हणजे जहाजाचा सारंग, रवींद्र. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. देवगडचा हा गडी इतरांशी हिंदीत बोले आणि कप्तानाशी हटकून आपल्या मालवणीत. मराठी माणूस भेटलाय तर हिंदीत कशाला बोला, हा त्याचा खाक्या.

जहाज कोळसा घेऊन अरबी समुद्रातून येत होतं. दुपारच्या जेवणानंतर इंजिनरूममध्ये तेलाची नळी फुटली आणि आग लागली. पाण्याचे होज घेऊन गेलेली माणसं धुराने परत फिरली. आता एकच उपाय उरला होता: सगळी दारं, झडपा, हवेच्या वाटा बंद करायच्या आणि आत गॅस सोडायचा. त्या गॅसने आग गुदमरते. आत माणूस असला तर तोही गुदमरतो, म्हणून सोडायचा हुकूम कप्तानाशिवाय कोणी देत नाही.

बाविसातले एकवीस वर होते. इंजिनाला तेल घालणारा ऑइलमन गौरांग नव्हता. चीफ इंजिनिअर म्हणाला की तो आगीच्या पलीकडच्या बाजूला होता आणि तिकडून वर यायला एकच वाट, पाठीमागचा उभा बोगदा. त्यात लोखंडी शिडी, माथ्यावर झडप. “साब, तो बोगद्यात असला तर वाचला. नसला तर समजा गेलाच. पण जे करायचं ते लवकर करा. तेलाची टाकी तापली तर कोणीच उरणार नाही.”

पोतनिसांनी सारंगला बोगद्याकडे पिटाळलं आणि स्वतः गॅसच्या खोलीत उभे राहिले. थोड्या वेळाने वॉकी-टॉकी खरखरला.

“बोगदा बघितलास?” पोतनिसांनी विचारलं.

“बघितलंय, सायेब. खाली आसा.”

आता हे वाक्य देवगडात ऐका आणि भोपाळमध्ये ऐका. देवगडात त्याचा अर्थ, माणूस खाली आहे. भोपाळमध्ये डबा खाली होतो, घर खाली होतं, बसमधली सीट खाली असते. तिथे खाली म्हणजे रिकामं. पोतनीस सगळं जग हिंडले होते, पण घाईच्या वेळी माणसाचा कान जातो तो आपल्या गल्लीतच. बोगदा रिकामा. म्हणजे गौरांग गेला. रडायला वेळ नव्हता.

“झडप लाव,” ते म्हणाले, “आणि लाइफबोटीवर जा.”

पोतनिसांनी गॅसच्या पेटीचं दार उघडलं, कळीवर हात ठेवला. मग वॉकी-टॉकीतून सारंगचा आवाज आला, अगदी हळू.

“तेका काय सांगू, सायेब?”

“कोणाला?”

“गौरांगाक. हाक मारता तो खालसून.”

पोतनिसांनी कळीवरचा हात असा काढला, की चीफला वाटलं चटका बसला. पुढचं त्यांनी भराभर केलं. बाकीच्यांना बोटीत बसवून पाण्यात उतरायला सांगितलं, कारण टाकी फुटलीच तर मरायला चौघे पुरे होते. गॅसची कळ चीफच्या ताब्यात दिली. “मी झडपेवर जातो. टाकीपर्यंत आग गेली असं वाटलं तर मला विचारत बसू नका, सोडून द्या.” चीफ म्हणाला, “पण तुम्ही तिथे असाल, साब.” पोतनीस म्हणाले, “म्हणूनच सांगतोय, विचारू नका.”

सारंग तोंडाला हवेचा मुखवटा आणि कमरेला दोर बांधून बोगद्यात उतरला. गौरांगचे दोन्ही तळवे भाजले होते, त्याला शिडी धरता येत नव्हती. सारंगने त्याला दोरात अडकवलं आणि वरून पोतनिसांनी एकट्याने ओढलं. झडपेतून धूर येत होता, पायाखालचा पत्रा बुटांतून पोळत होता. गौरांगला डेकवर टाकून त्यांनी दोर परत सोडला आणि सारंगला वर घेतलं. झडप लावली, चीफला ओरडून सांगितलं. गॅस सुटला, आग विझली. गौरांग आज बंगालमध्ये आपल्या गावी आहे आणि दर दुर्गापूजेला फोन करतो.

लोकांनी वाहवा केली. ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. त्या झडपेपाशी उभं राहायला वाघाचं काळीज लागतं. पण पोतनिसांना छळत होतं ते वेगळंच. सारंगच्या लेखी कप्तानाने जिवंत माणसावर झडप लावायचा हुकूम दिला होता आणि मग मन बदललं होतं. त्याला खरं सांगावं, तर तोंडून काय निघणार? की मला तुझी भाषा कळली नाही? कठोर कप्तान चालतो; बहिरा कप्तान कोणाला हवा? ह्या अभिमानापोटी ते गप्प राहिले. पुढे जहाजं बदलली आणि सांगायचं राहूनच गेलं.

ह्या मार्चमध्ये रवींद्रचा फोन आला. मुलीला, ऋतुजाला, भोपाळजवळच्या मंडीदीपच्या औषध कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. बापलेक कोटऱ्याला उतरले. मंजूषाताईंनी आमटीत नारळ घातला आणि तो कसा जमला नाही हे स्वतःच सांगितलं. कंपनीची बस शहरातल्या अशोका गार्डन भागातून सुटत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी पोतनीस दोघांना घेऊन तिकडे खोली शोधायला निघाले.

गल्लीत दर चार घरांमागे एक पाटी. एक चांगलं तिमजली घर दिसलं, फाटकाला खडूने लिहिलेला पत्रा टांगलेला: ‘कमरा खाली है.’ ऋतुजा घरमालकिणीबरोबर खोली बघायला वर गेली. पोतनीस जिन्याशी थांबले. रवींद्र पाटीसमोर उभा राहिला, तो हलेच ना. हिंदी त्याला काही नवी नव्हती, उभा जन्म खलाशांत गेलेला. पण पाटीवरून नजर निघेना.

“सायेब,” तो म्हणाला, “त्या दिवशी मी खाली आसा म्हटलंय. तुमका वाटला काय, बोगदो रिकामो आसा?”

पोतनिसांना खोटं बोलता आलं असतं.

“हो,” ते म्हणाले. “मला वाटलं गौरांग गेला.”

रवींद्र खाली जिन्याच्या पायरीवर बसला. “आणि मी इतकी वर्सां समजतंय, तुम्ही एकाक सोडून एकवीस वाचवूक बघितलात.” “राग नाय धरलंय हां. कप्तानाक ठरवचाच लागता. पण घराकडे कोणी इचारल्यान ना, तर मी तेवढा सोडून बाकी सांगतंय.”

म्हणजे हाही गाळत होता, कप्तानाची अब्रू राखायला. पोतनीस त्याच्या शेजारी पायरीवर बसले. घशातलं निघालं होतं, आता हलकं वाटायला हवं होतं. पण एक प्रश्न उरला होता, आणि तो विचारल्याशिवाय ह्या पायरीवरून उठता येणार नव्हतं.

“रवींद्र, तू विचारलंस म्हणून मला कळलं. मी पुन्हा म्हटलं असतं, झडप लाव, तर?”

“लावली असती,” रवींद्र म्हणाला. “हुकूम तो हुकूम.”

पोतनिसांनी मान हलवली. कप्तान म्हणून त्यांना हेच उत्तर अपेक्षित होतं.

“पण आतसून लावली असती, सायेब. गौरांग एकटोच होतो ना खाली.”