वरच्या मजल्यावरचा ठेका

सकाळपासून मावशीचा जीव थाऱ्यावर नव्हता. कपडे बदलून झाले, चष्मा पुसून झाला, कुलूप ओढून पाहून झालं. आणि एवढं करून जायचं कुठं, तर एक जिना चढून वर!

मावशी म्हणजे गल्लीतली शिवणकामवाली. तरुणपणापासून तळमजल्याच्या त्याच खोलीत पायाचं मशीन चालवते. तेव्हा तिच्या डोक्यावर एक व्हायोलिनवादक राहायचे. पुढे ते घर सोडून गेले, त्यांचं जगभर नाव झालं, आणि ते वारल्यावर त्या खोल्या लोकांना बघायला खुल्या झाल्या. मावशी त्यांना नुसतं "वरचे" म्हणायची, जणू वरचे आणि खालची मिळून एकच दुकान! वरचे वाजवताना पायानं ठेका धरायचे, ठक ठक ठक. मावशी त्या ठेक्यावर मशीन चालवायची. ठेका वाढला की हिचाही पाय वाढायचा. "आमची जुगलबंदी असायची," असं ती गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेताना सांगायची. गिऱ्हाईक बिचारं टेपमध्ये अडकलेलं, जाणार कुठं?

ते असताना वर जायचा तिला कधी धीर झाला नाही. आज सून हात धरून घेऊन गेली. मावशीला एवढंच ऐकायचं होतं, की त्या घरात आपली आठवण निघते का.

निघाली. माहिती सांगणारी मुलगी खिडकीजवळच्या खुर्चीपाशी थांबली.

"इथे ते सरावाला बसायचे. खाली एक शिवणारी बाई होती. तिचं मशीन सुरू झालं की यांचं डोकं उठायचं. तिनं थांबावं म्हणून ते असा पाय आपटायचे." मुलीनं जमिनीवर पाय आपटून दाखवला. "पण बाई कसली ऐकते! हे जितकं आपटायचे, तितकी ती जोरात पळवायची. शेवटी यांनी हात टेकले आणि घर सोडलं."

सगळे खो खो हसले.

"अहो, पण आमच्या आई—" सून बोलणार, तोच मावशीनं तिचा दंड धरला.

"गप. खाली चल."

खाली आल्यावर मावशी खोलीत नुसती येरझाऱ्या घालत राहिली. लाजही वाटत होती आणि संतापही येत होता.

"एकदा खाली येऊन सांगायचं होतं ना! मी काय खाणार होते त्यांना? घडी करून घोंगडी घातली असती मशीनखाली."

"सोडा हो आई. किती जुनी गोष्ट."

"जुनी कसली? गेल्या आठवड्यापर्यंत सांगत होते मी लोकांना."

संध्याकाळी एका पोराचा शाळेचा सदरा द्यायचा होता. शेवटी ती मशीनवर बसली. कॉलर सुईखाली सरकवली, पाय चालू लागला. वर पुढची मंडळी आली असावीत आणि मुलीनं त्यांनाही तोच किस्सा सांगितला असावा. छतातून आवाज आला, ठक ठक ठक.

मावशीचा पाय सवयीनं पुढे धावला, मग अडखळला. कॉलर अर्धीच झाली होती. मावशीनं मशीन थांबवलं.