नको म्हणायची शिकवणी

माझी धाकटी जाऊ भांडखोर आहे असं सगळे म्हणतात. म्हणू देत. आम्ही दोघी एकाच खोलीत काम करतो, त्यामुळे ती कुणाशी आणि कशासाठी भांडते हे मला जास्त ठाऊक आहे. खोलीच्या मधोमध पडदा आहे, नेहमी अर्धवट सरकलेला. अलीकडे माझं शिलाई मशीन, पलीकडे तिची शिकवणी. शाळेत मागच्या बाकावर बसवून ज्यांना विसरून जातात, ती मुलं तिच्याकडे येतात. एका वेळी एकच.

"चार जण एकदम घेतलेस तर काय बिघडेल?" मी एकदा विचारलं होतं.

"तुम्ही चौघांना मिळून एकच सदरा शिवता का, ताई?"

असं उलट बोलते. राग येतो, पण बोलते ते खरं.

या शिकवणीला चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्यांची मुलगी यायची. तेरा वर्षांची, पण समज चार-पाच वर्षांच्या पोरीची. घरचे तिला लाडाने शहाणी म्हणत, कारण सांगितलेलं ती सगळं ऐकायची. ऊठ म्हटलं की उठायची. हस म्हटलं की हसायची. पाहुण्यांना पापा दे म्हटलं की गाल पुढे. "कध्धी त्रास नाही हो पोरीचा," तिची आई कौतुकाने सांगायची. वडिलांची इच्छा एवढीच, की मुलीला एक पान वाचता यावं. हातकाम शिकवणाऱ्या केंद्रात प्रवेशाच्या वेळी वाचून घेत. धाकटीने अक्षरं सुरू केली, गाडी हळूहळू रुळावर आली.

मग एके दिवशी शहाणी आली ती अर्धी वेणी गमावून. शाळेच्या गाडीतल्या एका मुलीने हस्तकलेच्या कात्रीने कापली होती.

"तू काय केलंस?" धाकटीने विचारलं.

"ती म्हणाली, मान खाली."

"मग?"

"मी मान खाली केली." हे सांगतानाही पोरगी हसत होती. तिला वाटलं, शाबासकी मिळेल.

माझं मशीन थांबलं. पडद्यापलीकडे पुस्तक मिटल्याचा आवाज आला. "अक्षरं गेली खड्ड्यात," धाकटी मला म्हणाली. "उद्या मी नसेन, आईबाप नसतील. जो येईल तो हिला मान खाली घाल म्हणेल, आणि ही घालेल. आधी हिला नको म्हणता आलं पाहिजे."

तिने माझ्याकडून खरखरीत लोकरीचा तुकडा मागून नेला. शहाणीला तसला स्पर्श अजिबात सहन व्हायचा नाही. धाकटी तो तिच्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "नको म्हण. लगेच काढते." पोरगी अंग चोरायची, डोळे घट्ट मिटायची, पण हात तसाच पुढे. तिला त्रास द्यायचा नाही म्हणून धाकटी स्वतःच तुकडा काढायची. दुसऱ्या दिवशी परत. मला तर वाटलं, हिचंच डोकं फिरलंय. पण एका दुपारी पडद्यापलीकडून उंदराएवढा आवाज आला, "नको." धाकटीने तुकडा खिडकीबाहेर भिरकावला आणि टाळ्या पिटल्या. तुकडा माझा होता, हे कुणाच्या लक्षात राहतंय!

पुढचा नियम सोपा होता. शहाणी नको म्हणाली की ती गोष्ट तिथेच थांबणार. पेन्सिल नको, तर पेन्सिल खाली. अक्षरं परत सुरू झाली, पण या नियमासकट. आणि गंमत अशी, की शहाणी अक्षरं पूर्वीपेक्षा जास्त मागू लागली.

घरी मात्र गोंधळ उडाला. डोक्यावरून अंघोळ नको. काकांना पापा नको. काका रुसले, आई रडकुंडीला आली, आणि एका संध्याकाळी चष्मेवाले दुकान बंद करून थेट आमच्या खोलीत येऊन उभे राहिले.

"बाई, आम्ही वाचायला पाठवलं होतं. तुम्ही तिला उद्धट केलंत. आज पान वाचून दाखवलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून शिकवणी बंद."

शहाणीने वाचलं. अडखळत, बोट फिरवत, पण सबंध पान. मला माझ्याच लेकराने वाचल्यासारखं भरून आलं. चष्मेवाल्यांचा विश्वास बसेना.

"पाठ असेल. परत वाच."

परत वाचलं.

"आता उभी राहून. मोठ्याने."

शहाणीने पुस्तकावर तळहात ठेवला. "नको."

"बघितलंत? सांगा तिला."

आणि माझी भांडखोर जाऊ, जी कुणाच्या बापाला भीत नाही, ती इथे घाबरली. पोरगी हातची जाईल या भीतीने तिचा आवाज मऊ झाला. "वाच गं एकदा. माझ्यासाठी."

शहाणी तिच्याकडे बघत राहिली. "नको," ती म्हणाली, आणि तिने पुस्तक मिटलं.

धाकटीचे डोळे भरले. तिने पुस्तक उचलून कपाटात ठेवलं. "नको तर नको," ती म्हणाली आणि चष्मेवाल्यांकडे वळली. "मलासुद्धा नको म्हणाली. ऐकलंत ना? हे मीच शिकवलंय, आणि ती पक्कं शिकलीय. करा बंद शिकवणी."

"चल घरी," चष्मेवाल्यांनी मुलीचा हात धरला.

"नको."

त्यांनी हात ओढला. शहाणीने दुसऱ्या हाताने टेबल धरलं. "नको! नको!" आवाज असा, की जिन्यातली माणसं थांबली. मी पडदा पूर्ण सारला. दोन शब्द सुनवायला तोंड उघडलंच होतं, पण चष्मेवाल्यांचा चेहरा पाहून थांबले. माणूस स्वतःच्या हाताकडे बघत होता. मुलीचं मनगट त्यात लाल झालं होतं. कात्री कुणाच्या हातात होती हे त्यांना माहीत होतं. मान खाली घालायला कुणी शिकवलं, हे त्यांना बहुधा आत्ता कळलं.

त्यांनी हात सोडला. मग गुडघे मोडून तिच्या समोर खाली बसले.

"घरी यायचंय का तुला?"

शहाणी बोलेना. तिला असं कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी आशेने धाकटीकडे पाहिलं. धाकटी मदत करेना.

"नीट टेकून बसा," मी म्हटलं. "तिला विचार करायला वेळ लागतो."